तालुक्याच्या गावी गॅरेजसह फ्लॅट भाड्याने घेताना: आधी गाडीची जागा, मग खोल्या

"लावा की कुठेही, जागा काय मोकळीच असते." तालुक्याच्या गावी फ्लॅट दाखवणारा प्रत्येक जण हे वाक्य म्हणतो, आणि पुढची सगळी भांडणं याच वाक्यातून निघतात. बदली होऊन आलेले बँकेतले कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर फ्लॅटच्या खोल्या नीट बघतात. किचन ओटा, बाथरूमचे नळ, हवा-उजेड, सगळं तपासतात. गाडीचा विषय मात्र तोंडी राहतो. सहा महिन्यांनी मालकाचा भाचा नवी गाडी घेतो किंवा शटरच्या गाळ्याला किराणा दुकानदार गिऱ्हाईक म्हणून येतो, आणि तुमची गाडी रस्त्यावर जाते. कागद काढून बघावा तर त्यात पार्किंगचा शब्दही नसतो.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या नगरपरिषद, नगरपंचायत आणि मोठ्या ग्रामपंचायतीच्या गावांसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेकांचं काम बिघडतं ते टोकन आधी आणि चौकशी नंतर केल्यामुळे.

## १. नक्की कोणती जागा हवी ते ठरवा

छोट्या गावात गाडी लावायच्या जागेचे ढोबळ तीन प्रकार मिळतात.

बंदिस्त गॅरेज म्हणजे छप्पर, किमान तीन बाजूंनी भिंती आणि पुढे शटर किंवा दार. रेरा कायद्यातली (बिल्डरांच्या बांधकाम प्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा) व्याख्याही छप्पर आणि तीन भिंती अशीच आहे. गावात हे बहुतेक वेळा इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा असतो किंवा बंगल्याच्या आवारातली पत्र्याची शेड. दुसरा प्रकार स्टिल्टचा, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची झाकलेली पण उघड्या बाजूंची जागा. तिसरी म्हणजे आवारातली मोकळी जागा, जिला दाखवणारा माणूस हमखास "पार्किंग आहे ना" म्हणतो.

तिन्हींचं भाडं वेगळं आणि भानगडीही वेगळ्या. शटरचा गाळा चांगला, पण तो दुकानासाठी जास्त भाड्याने जाऊ शकतो, म्हणून मालकाचा मोह कायम असतो. स्टिल्टमध्ये जागा कोणाची हा प्रश्न. मोकळ्या जागेवर बहुतेकदा कोणाचाच स्वतंत्र हक्क नसतो, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

एकच जुनी गाडी आणि एक स्कूटर असेल तर स्टिल्ट पुरते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, घरचा माणूस परगावी असेल किंवा गाडीत धंद्याचं सामान असेल, तरच बंदिस्त गॅरेजसाठी जास्त भाडं मोजा.

## २. शोधाला निघण्याआधीची तयारी

गाडीचं माप घ्या. लांबी-रुंदी माहितीपत्रकात मिळते, पण त्यातली रुंदी आरशांशिवायची असते. त्यामुळे टेप घेऊन आरसे उघडे ठेवून मोजा, आणि दार पूर्ण उघडल्यावर किती जागा लागते तेही. उंच गाडी असेल, वर कॅरिअर असेल, तर उंचीसुद्धा. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत मोटारीसाठी २.५ मीटर × ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ मीटर × २ मीटर असं माप धरलं आहे. जुन्या इमारतींत प्रत्यक्षात खांब मध्ये येतो आणि अडीच मीटरचे सव्वादोन होतात.

कागदांची फाइल आधीच करा: आधार, पॅन, नोकरीचं ओळखपत्र किंवा बदलीचा आदेश, गाडीचं आरसी पुस्तक, पासपोर्ट फोटो. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना ते बघा. नोंदणीच्या दिवशी बोटाचा ठसा जुळला नाही की सगळे ताटकळतात, तेव्हा ज्यांचे ठसे पुसट झालेत त्यांनी आधी आधार केंद्रात जाऊन ते अद्ययावत करून घ्यावेत.

खर्चाचा हिशेब करताना भाडं आणि डिपॉझिट एवढंच धरू नका. मेंटेनन्स, पाणीपट्टीतला वाटा, एजंट असेल तर त्याची दलाली, नोंदणीचा खर्च, शटरचं नवं कुलूप, हे सगळं पहिल्याच महिन्यात येतं.

## ३. शोध कुठे आणि केव्हा

वेबसाइटवर तालुक्याच्या गावचे फ्लॅट फारसे नसतात. असतात तेही जुने, उठलेले. कामाला येतात ती माणसं: तुमच्याच ऑफिसमधला शिपाई, दूधवाला, गॅस एजन्सीचा डिलिव्हरी करणारा, इस्त्रीवाला. कोणाचा फ्लॅट रिकामा होतोय हे त्यांना आधी कळतं. वीज मीटरचं रीडिंग घेणाऱ्यालाही विचारून बघा.

एप्रिल ते जून बदल्यांचा आणि शाळा-प्रवेशांचा काळ, तेव्हा चांगले फ्लॅट दोन दिवसांत जातात आणि मालक घासाघीस करत नाही. दिवाळीनंतर बाजार थंड असतो. तारीख तुमच्या हातात असेल तर तेव्हा बघा.

सावधान: फोनवर "पार्किंग आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. विचारा: "शटरचं गॅरेज आहे की स्टिल्ट? नंबर कोणता? सध्या तिथे कोणाची गाडी लागते?" तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला की काय ते कळतं.

## ४. पाहणी: गाडी घेऊनच जा

मित्राच्या स्कूटरवर बसून फ्लॅट बघायला जाऊ नका. स्वतःची गाडी न्या आणि वर जायच्या आधी ती त्या जागेत लावून दाखवा. आत शिरून, दार उघडून, बाहेर येऊन, मग पुन्हा रिव्हर्स काढून. गेटमधून वळताना किती वेळा मागेपुढे करावं लागतं, रॅम्पला गाडीचा पोटाचा भाग घासतो का, शेजारच्या जागेत गाडी उभी असताना तुमचं दार उघडतं का, हे सगळं दहा मिनिटांत कळतं.

मग गॅरेजच पुन्हा नीट बघा.

शटर स्वतः वर-खाली करा. मध्येच अडकत असेल, एका बाजूने तिरकं जात असेल तर पट्ट्या किंवा स्प्रिंग गेलेली आहे. दुरुस्ती कोणाकडे हे आत्ताच बोला. खालच्या पट्टीला गंज चढला असेल तर पावसाचं पाणी उंबऱ्यापाशी साचतं असं समजा. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची रेघ दिसते का ते टॉर्च लावून पाहा. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांना दिला असेल तर शेजाऱ्याला विचाराच. नदीकाठच्या गावात हा मुद्दा खोल्यांपेक्षा मोठा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि इमारतींच्या तळमजल्यांत शिरलं, तेव्हा खाली उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. वरच्या मजल्यावर राहणारी माणसं कोरडी राहतात, गाडी राहत नाही. अशा गावात "पुराचं पाणी इथे कुठपर्यंत आलं होतं?" हे मालकाला नव्हे, समोरच्या टपरीवाल्याला विचारा, आणि इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेत (नदीचं पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) येते का याची नगरपरिषदेत चौकशी करा.

गॅरेजमधला दिवा आणि सॉकेट कोणाच्या मीटरवर आहे? तपासायला सोपं आहे: वर फ्लॅटचा मेन स्विच बंद करा आणि खाली दिवा गेला का बघा. गेला तर तुमचा. नाही गेला तर तो सामाईक मीटरवर आहे किंवा गाळ्याला स्वतंत्र जोडणी आहे. स्वतंत्र जोडणी दुकानाच्या दराने असू शकते, महावितरणचं बिल मागून त्यावरचा दर-प्रकार वाचा. इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करणार असाल तर हे आधीच मिटवा. सामाईक मीटरवरून चार्जिंग केल्याचं पहिल्याच बैठकीत निघतं.

फ्लॅटबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना कळतं: नळाला पाणी किती वाजता आणि किती दिवसाआड येतं, बोअर आहे का आणि मे महिन्यात चालतं का, वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब गळतो का.

दोनदा बघा. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर. दिवसा रिकामी दिसणारी स्टिल्ट रात्री भरते आणि "तुमची" जागा तेव्हा कोणाच्या गाडीखाली असते ते दिसतं. आणखी एक दिवस महत्त्वाचा, आठवडे बाजाराचा. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाले बसत असतील तर त्या दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत गाडी बाहेर निघत नाही. गणपती-नवरात्रात मंडप कुठे पडतो आणि उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या कुठे उभ्या राहतात, हेही विचारून ठेवा. डॉक्टर किंवा रात्री-अपरात्री निघावं लागणाऱ्यांनी तर यावरच निर्णय घ्यावा.

## ५. जागा खरंच मालकाची आहे का

हा टप्पा लोक संकोचापायी सोडतात. काका चांगले आहेत, चहा पाजला, आता कागद कसे मागायचे? मागायचे. डिपॉझिट तुमचं आहे.

मागायचे ते एवढेच: घरपट्टीची चालू पावती (ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा), वीजबिल आणि खरेदीखताची किंवा सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या खरेदीचा उतारा, इंडेक्स टू) प्रत. तिन्हीवर नाव एकच असावं. नाव वडिलांचं आणि ते हयात नसतील, तर वारसांपैकी कोण करार करतोय आणि बाकीच्यांची संमती आहे का ते विचारा.

खरेदीखतात पार्किंगचा उल्लेख शोधा. इथे तीन शक्यता:

गॅरेज किंवा गाळा खरेदीखतात क्रमांकासह असेल तर काम सोपं. घरपट्टीत त्याचा वेगळा मालमत्ता क्रमांक असतो का तेवढं बघा.

स्टिल्टमधली जागा असेल तर सोसायटीचं वाटपपत्र मागा. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर घोषणापत्रात ती जागा त्या फ्लॅटसाठी राखीव, मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून दाखवली आहे का ते पाहा. "मी बिल्डरला पार्किंगचे वेगळे पैसे दिलेत" हे पुरेसं नाही. जुन्या मालकी हक्क सदनिका कायद्याखालच्या इमारतीतली स्टिल्ट आणि मोकळी जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. नव्या प्रकल्पांत मात्र झाकलेल्या पार्किंगचा क्रमांक, माप आणि स्थान विक्री करारासोबत देणं महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) २०२४ पासून बंधनकारक केलं आहे, तेव्हा नवी इमारत असेल तर ते जोडपत्र मागा.

आणि तिसरी, तालुक्याच्या गावात वारंवार भेटणारी शक्यता: सोसायटी नाही, अपार्टमेंट नाही, बिल्डरने आठ फ्लॅट विकले आणि तो गेला. आठ फ्लॅटपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट असल्यामुळे अशा इमारती बऱ्याच आहेत. कागद नसतो, फक्त वहिवाट असते. तिथे दोन शेजाऱ्यांना मालकासमोरच विचारा, "खांब नंबर तीनजवळची जागा यांचीच ना?" दोघेही हो म्हणाले तर पुढे जा. एकाने जरी "तसं काही ठरलेलं नाही" म्हटलं, तर ती जागा नाहीच असं धरून भाडं बोला.

मालक पुण्या-मुंबईला आणि चावी भावाकडे, असं नेहमीचंच आहे. भाऊ फ्लॅट दाखवू शकतो, पण कुलमुखत्यारपत्राशिवाय करारावर सही करू शकत नाही. मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला आणि गॅरेजचा विषय त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

तपासणी: इथवर गाडी प्रत्यक्ष लावून झाली, रात्रीची फेरी झाली, नाव जुळलं, पार्किंगचा आधार कळला. चारपैकी एकही बाकी असेल तर पैशाचं बोलणं काढू नका.

## ६. भाव ठरवणे आणि टोकन

भाडं एकच आकडा ठरवा, फ्लॅट आणि गॅरेज मिळून. "करारात आठ हजार, गॅरेजचे हजार रोख वेगळे" ही मागणी सर्रास होते. मान्य केलीत की गॅरेज कागदाबाहेर गेलं. शिवाय जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेत असाल तर पावती पूर्ण रकमेची हवी. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, तो आत्ताच मागून घ्या. भाडं बँकेतून द्या.

सोसायटी असेल तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते, कोण भरणार हे बोला. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि रीतसर ते मालकाचं देणं आहे. मेंटेनन्स तुमच्याकडे असेल तर त्यात हे शुल्क धरलेलं नाही ना, ते पावती बघून ठरवा.

टोकन लहान द्या, बँकेतून द्या आणि सोबत लगेच मेसेज पाठवा: "फ्लॅट क्रमांक अमुक व गॅरेज क्रमांक अमुक, दोन्ही मिळून दरमहा ९,००० रुपये भाडे, डिपॉझिट ३०,००० रुपये, यापोटी टोकन दिले." मालकाचं "ओके" आलं की तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तरात "गॅरेजचं नंतर बघू" आलं, तर टोकन परत मागायची हीच वेळ.

## ७. करारात गॅरेज कसं लिहायचं

महाराष्ट्रात घर बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे परवाना करारावर दिलं जातं; त्यात भाडेकरूला परवानाधारक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये, मालकाला ताबा परत मिळण्याच्या संदर्भात, लेखी परवाना करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. तोंडी वचन कितीही प्रेमाचं असो, लिहिलेल्यासमोर टिकवणं अवघड जातं.

मिळकतीच्या वर्णनात फ्लॅटच्या जोडीनेच गॅरेज यायला हवं. मजकूर साधारण असा:

"तळमजल्यावरील गॅरेज क्रमांक ___, अंदाजे माप ___ मीटर × ___ मीटर, इमारतीच्या पूर्वेकडील गेटला लागून, शटरसह, परवानाधारकाच्या एकट्याच्या वापरासाठी. गॅरेजचे भाडे दरमहाच्या रकमेत समाविष्ट आहे. कराराच्या मुदतीत गॅरेज स्वतंत्रपणे काढून घेता येणार नाही अथवा इतरांस देता येणार नाही."

"एकट्याच्या वापरासाठी" हे शब्द गाळू देऊ नका. नाहीतर मालकाचं जुनं कपाट, पाण्याची टाकी आणि खताची पोती तुमच्या गॅरेजमध्येच राहतात.

यासोबत तीन अटी हव्यात: शटरची आणि छपराची दुरुस्ती मालकाकडे, किती दिवसांत, तेही लिहा. गॅरेजच्या सगळ्या चाव्या परवानाधारकाकडे. आणि मुदतीआधी सोडायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी. लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी अट) घालत असतील तर बदली झाल्यास तो लागू नाही असं एक वाक्य टाकून घ्या. बदलीची नोकरी असलेल्यांना हे वाक्य पुढे फार उपयोगी पडतं.

गॅरेज वेगळ्या मालकाचं असेल, म्हणजे फ्लॅट एकाचा आणि शेजारचा गाळा दुसऱ्याचा, तर दोन स्वतंत्र करार करा आणि दोन्हींची शेवटची तारीख एकच ठेवा.

सावधान: गॅरेजमध्ये दुकान, गोडाऊन, शिकवणी काही करायचं असेल तर ते आत्ताच सांगा. करार निवासी वापराचा असतो आणि दुसरा वापर दिसला की मालकाला करार मोडायला कारण मिळतं.

## ८. नोंदणी, नोटरी नव्हे

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. "अकरा महिन्यांचा करार, त्याला नोंदणी लागत नाही" हे वाक्य तहसील कचेरीसमोरच्या टेबलांवर रोज ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ही अट पुरी होत नाही.

खर्चाची भीती अनाठायी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणाऱ्या रकमेवर. वरचंच उदाहरण दोन वर्षांसाठी घ्या: ९,००० × २४ = २,१६,००० रुपये. ३०,००० रुपयांवर दोन वर्षांचे १० टक्क्यांनी ६,०००. एकूण २,२२,००० रुपये आणि त्यावर शुल्क ५५५ रुपये. नोंदणी फी नगरपरिषद किंवा नगरपंचायत हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५००. शिवाय दस्त हाताळणी शुल्क. मालक कुरकुरला तर निम्मा खर्च उचला आणि नोंदणी करून टाका.

नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमधून होते. ऑनलाइन पद्धतीत दोन्ही पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे आधारवर आधारित ठसे लागतात. मालक परगावी असेल तर हीच पद्धत बरी. फॉर्म भरणारा एजंट त्याच्याकडचा तयार मसुदाच टाकतो आणि तुमचं गॅरेजचं कलम गळतं. ठसा देण्याआधी मसुदा पडद्यावर पूर्ण वाचा. ठसा दिल्यावर दुरुस्तीला नवा दस्त लागतो.

## ९. ताबा घेण्याचा दिवस

सामानाचा टेम्पो नोंदणी झाल्यावरच बोलवा. सामान आत गेलं की तुमचं बोलण्यातलं वजन संपतं.

चावी घेताना वीज मीटरचं रीडिंग, भिंती-फरशी, शटर आणि गॅरेजचा कानाकोपरा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. गॅरेजमध्ये आधीचं सामान असेल तर ते निघेपर्यंत ताबा पावतीवर सही करू नका. शटरचं कुलूप नवं घाला. फटी बुजवा, कारण उभ्या गाडीच्या वायरिंगला उंदरांइतका दुसरा शत्रू नाही.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती भरता येते, पोच मागून घ्या. सोसायटी असेल तर कराराची प्रत आणि गाडीचा नंबर सचिवांना द्या, पार्किंगचं स्टिकर असेल तर घ्या.

पहिल्या आठवड्यात तुमच्या जागेत दुसऱ्याची गाडी दिसली तर गप्प बसू नका. गोड शब्दांत, पण त्याच दिवशी सांगा: "दादा, ही जागा आमच्या करारात आहे, एवढी गाडी बाजूला घेता का?" महिनाभर चालू दिलंत तर ती त्याची सवय होते.

## १०. मुदत संपताना

मुदत संपायच्या दोन महिने आधी मालकाशी बोला. पुढे राहायचं असेल तर नवा करार आणि नवी नोंदणी, त्यात गॅरेजचं कलम जसंच्या तसं. नुसतं भाडं वाढवून राहत गेलात तर कलम २४ प्रमाणे मुदतीनंतरच्या मुक्कामाला दुप्पट भाड्याने नुकसानभरपाईची मागणी येऊ शकते.

सोडणार असाल तर नोटीस लेखी द्या. शेवटच्या दिवशी गॅरेज आधी रिकामं करा, तेलाचे डाग पुसा, शटरच्या सगळ्या चाव्या मोजून द्या आणि डिपॉझिट खात्यात जमा झालं की मगच फ्लॅटची चावी हातातून सोडा.